वडिलांच्या नावावरचे थोडेसे शेअर वकील न लावता आईच्या नावावर करता येतील का?

टेंबलाई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील २०२२ च्या जुलैमध्ये वारले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. शेअर बाजाराशी त्यांचा संबंध एवढाच, की १९९२ ते १९९५ या काळात पब्लिक इश्यूंची लाट आली होती, तेव्हा लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आणून दिलेले अर्ज त्यांनी भरले आणि दोन कंपन्यांचे शेअर त्यांना लागले. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत, वर्कशॉपच्या जुन्या बिलबुकांखाली ती सर्टिफिकेटे सापडली. कागद पिवळा पडून घडीवर फाटू लागला आहे, पण फोलिओ क्रमांक (कंपनीकडील भागधारकाचा खाते क्रमांक), सर्टिफिकेट क्रमांक आणि शेअरचे अनुक्रमांक स्वच्छ वाचता येतात.

पहिल्या कंपनीचे १० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर एकट्या वडिलांच्या नावावर आहेत. आजचा भाव साधारण ३८० रुपये दिसतो, म्हणजे सगळे मिळून ३८ हजार रुपये होतात. दुसऱ्या कंपनीचे ५० शेअर वडील आणि आई अशा दोघांच्या नावावर आहेत. तिसरा कागद सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचा आहे, कारण गावी आमचा २० गुंठे ऊस आहे. नॉमिनीचे नाव कोठेही लावलेले दिसत नाही.

वारस आम्ही चौघे आहोत: आई, मी, पुण्याला नोकरीस असलेला धाकटा भाऊ आणि बेळगावला दिलेली थोरली बहीण. कोणाचाही वाद नाही. शेअर आईच्या नावावर व्हावेत हीच सर्वांची इच्छा आहे. वडिलांच्या आई, म्हणजे आमच्या आजी, गावी काकांकडे असतात. त्यांचे वय ९० च्या पुढे आहे, त्यामुळे त्यांना या कागदपत्रांत ओढावे असे वाटत नाही.

एका परिचित वकिलांनी सांगितले की कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, काढल्याशिवाय कंपनी दाद देणार नाही आणि एकूण खर्च ४० हजारांपर्यंत जाईल. एका एजंटाने फोनवरच मिळणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा मागितला. ३८ हजारांच्या शेअरसाठी ४० हजार खर्च करणे आईला पटत नाही आणि मलाही पटत नाही. परंतु वडिलांनी मशीनवर उभे राहून साठवलेले पैसे तसेच सोडून देणेही जिवावर येते. गावी तलाठ्यांकडे वारस नोंद झालेली आहे. तो फेरफार कंपनीला चालेल का? आणखी एक अडचण अशी, की सर्टिफिकेटवर वडिलांची केवळ आद्याक्षरे व आडनाव आहे, मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव आहे आणि पॅन कार्डावर आजोबांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_लेखापाल

ताई, मी एका लिस्टेड कंपनीच्या शेअर विभागात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे आपला प्रश्न माझ्या परिचयाचा आहे. आपले काम वकिलाशिवाय होण्यासारखे आहे, मात्र त्याचा क्रम चुकता कामा नये. बहुतेक लोक आधी स्टॅम्प पेपर घेतात, प्रतिज्ञापत्रे करतात आणि मग कंपनीला पत्र लिहितात. कंपनीचे उत्तर आल्यावर कळते की नमुना वेगळा होता किंवा शेअरची संख्याच वेगळी आहे, आणि केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणून पहिला कागद म्हणजे साध्या कागदावरचे पत्र. फोलिओ क्रमांक लिहावा, धारकाचे निधन झाल्याचे कळवावे, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडावी आणि चार गोष्टी विचाराव्यात: या फोलिओत आज किती शेअर आहेत, ते कोणाच्या नावावर आहेत, कोणता लाभांश थकलेला आहे आणि दावा करण्यासाठी कोणते नमुने लागतील.

हे पत्र कंपनीच्या कारखान्यावर न पाठवता तिच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे ज्याला आरटीए म्हणतात त्या संस्थेकडे पाठवायचे असते. सर्टिफिकेटच्या मागे छापलेला पत्ता ३० वर्षांपूर्वीचा आहे, त्यावर विसंबू नये. कंपन्यांची नावे बदलतात (टेल्कोची २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, टिस्कोची २००५ मध्ये टाटा स्टील झाली) आणि रजिस्ट्रारांचीही बदलतात. पूर्वीच्या कार्वीचे काम आज केफिनच्या नावाने चालते आणि लिंक इनटाइमचे नाव आता एमयूएफजी इनटाइम झाले आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांचा विभाग असतो, तेथे सध्याच्या रजिस्ट्रारचे नाव आणि पत्ता मिळेल. कंपनी हयात आहे की नाही, की ती दुसरीत विलीन झाली, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर विनामूल्य पाहता येते.

आता आपल्या हिशेबाविषयी. आपण १०० शेअर आणि ३८० रुपये भाव असा गुणाकार केला आहे. तो भाव आजच्या दर्शनी किमतीच्या शेअरचा आहे, आणि १९९४ च्या सुमाराचे १० रुपयांचे शेअर पुढे अनेक कंपन्यांनी २ रुपयांत किंवा १ रुपयात विभागले. तसे झाले असेल तर जुने सर्टिफिकेट १०० चे दिसले तरी फोलिओत ५०० शेअर असू शकतात, आणि बोनस मिळाला असेल तर त्याहूनही अधिक. एजंट आधी ही माहिती काढतात आणि मग हिस्सा मागतात. खरी संख्या कळेपर्यंत कोणालाही होकार देऊ नका.

सक्सेशन सर्टिफिकेटबाबत: मे २०२२ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, शेअरच्या संक्रमणाची पद्धत सोपी केली. मृत व्यक्तीचे शेअर वारसाकडे जाणे याला ट्रान्समिशन म्हणजे संक्रमण म्हणतात. ही विक्री किंवा बक्षीस नसल्यामुळे त्यावर हस्तांतरणाचे मुद्रांक शुल्क नाही. कागदी शेअर असतील आणि त्यांचे मूल्य एका लिस्टेड कंपनीमागे ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर कोर्टाचा कागद नसला तरी सर्व वारसांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे, दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि दावा करणाऱ्याचे नुकसानभरपाईचे हमीपत्र, ज्याला इंडेम्निटी बाँड म्हणतात, यांवर काम होते. डिमॅटमधील, म्हणजे कागदाऐवजी संगणकीय खात्यात असलेल्या, शेअरसाठी हीच मर्यादा १५ लाख आहे. आपल्या वकिलांनी सांगितले ते पूर्वीच्या अनुभवावरून असावे.

तलाठ्यांकडील फेरफार हा जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद आहे; शेअरचा हक्क त्यावरून कंपनी ठरवणार नाही. तरीसुद्धा तो काढून एकदा नीट वाचा, कारण त्यात आपल्याला एक नाव दिसेल जे आपण वर वारसांत धरलेले नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातील वारस असते. मृत्युपत्र नसेल तर आपण चौघे नव्हे, पाच जण वारस आहात आणि आजींचा हिस्सा आपल्या आईच्या हिश्श्याइतकाच आहे. प्रतिज्ञापत्रात ‘आमच्याशिवाय अन्य वारस नाही’ असे वाक्य असते. आजी हयात असताना त्यांना वगळून त्याखाली सही करणे म्हणजे शपथेवर खोटे लिहिणे होईल. आपला हेतू तसा नाही हे मी जाणतो. वयोवृद्ध माणसाला त्रास नको या भावनेनेच पुष्कळ घरांत ही चूक होते.

दुसऱ्या कंपनीत आई संयुक्त धारक आहेत, त्यामुळे तेथे वारसांचे कागद लागत नाहीत. मृत्यूचा दाखला आणि आईंची केवायसी देऊन वडिलांचे नाव कमी करून घेता येते.

इचलकरंजीकर

मी २०२४ मध्ये माझ्या आईच्या नावावरचे ४० शेअर वडिलांच्या नावावर करून घेतले. निवृत्त_लेखापाल यांनी सांगितलेला क्रम मला त्या वेळी कोणी सांगितला असता तर माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या, म्हणून जेथे काम अडले तेवढेच सविस्तर लिहितो.

मागणीचा मुख्य अर्ज म्हणजे आयएसआर-५. त्याच्यासोबत दावा करणाऱ्याच्या केवायसीसाठी आयएसआर-१, बँकेने सही प्रमाणित करण्यासाठी आयएसआर-२ आणि नव्या नॉमिनीसाठी एसएच-१३ असे नमुने जातात. मूळ सर्टिफिकेट, मृत्यूच्या दाखल्याची नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत, पॅन आणि डिमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा उतारा) हेही द्यावे लागते. यातील आयएसआर-२ हा कागद दिसायला एका पानाचा असला तरी माझे सर्वांत जास्त दिवस त्यानेच घेतले. बँकेच्या व्यवस्थापकाने खातेदाराची सही आपल्या नोंदीशी जुळवून त्यावर स्वतःची सही, नाव, कर्मचारी क्रमांक आणि शाखेचा शिक्का द्यायचा असतो. आमच्या शाखेने सुरुवातीला ‘हा आमचा नमुना नाही’ म्हणून नकार दिला. दुसऱ्या वेळी शिक्का मिळाला, पण कर्मचारी क्रमांक राहिला आणि त्या एका कारणासाठी संपूर्ण पाकीट रजिस्ट्रारकडून परत आले. बँकेच्या काउंटरवरून निघण्यापूर्वी प्रत्येक रकाना बोट ठेवून तपासावा.

वडिलांचे वय ७८ असल्यामुळे त्यांची आजची सही आणि बँकेतील २० वर्षांपूर्वीची सही जुळत नव्हती. त्यासाठी आधी बँकेत नवी सही नोंदवून घेतली, नंतर आयएसआर-२ भरला. आपल्या आईंच्या बाबतीत हे आजच पाहून ठेवा, कारण ही अडचण शेवटी लक्षात आली की साऱ्या कागदांवर पुन्हा सह्या घ्याव्या लागतात.

प्रतिज्ञापत्र प्रत्येक वारसाने स्वतंत्र द्यायचे असते, त्यामुळे बेळगावच्या ताईंना त्यासाठी कोल्हापूरला यावे लागणार नाही. त्या तेथील स्टॅम्पवर तेथील नोटरीकडे आपले प्रतिज्ञापत्र करू शकतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या स्टॅम्पची जागा ५०० रुपयांच्या स्टॅम्पने घेतली आहे, हे धरून खर्च मोजा. मसुदा मात्र स्टॅम्पवाल्याकडे तयार मिळतो तो घेऊ नये. रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरचा नमुना उतरवून घ्यावा आणि शब्दही न बदलता टाइप करावा. मी कसबा बावड्याच्या कोर्टाबाहेर एका टायपिस्टकडून नेहमीचा मसुदा करून घेतला होता; भाषा चांगली होती, पण फोलिओ आणि शेअरचे अनुक्रमांक लिहायला त्यात जागाच नव्हती आणि तो नाकारला गेला.

नावातील फरकाविषयी: ‘अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, जुना पुरावा सोबत लागतो. ज्या कागदावर आद्याक्षरांचे नाव आणि सर्टिफिकेटवरचाच पत्ता एकत्र असेल असा जुना कागद शोधा. आमच्या बाबतीत आईच्या १९९६ च्या पासबुकाने काम झाले. वर्कशॉपचे जुने वीजबिल किंवा विक्रीकराचा दाखला त्या ट्रंकेत असेल तर तो फेकू नका.

सर्व कागद मान्य झाल्यावर आमच्या हाती नवे सर्टिफिकेट आले नाही. जानेवारी २०२२ पासून अशा कामांत कागदी सर्टिफिकेट देणे बंद झाले आहे. त्याऐवजी रजिस्ट्रारने लेटर ऑफ कन्फर्मेशन, म्हणजे मंजुरीचे पत्र दिले. त्या पत्राच्या तारखेपासून १२० दिवसांत ते डिमॅटच्या अर्जासह आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे (ज्या बँकेत किंवा दलालाकडे डिमॅट खाते असते तेथे) द्यायचे होते, अन्यथा शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात गेले असते आणि तेथून काढायला पुन्हा वेगळा अर्ज लागला असता. म्हणून आईंचे डिमॅट खाते आधीच उघडून ठेवा. खात्यातील मूल्य ४ लाखांपर्यंत असेल आणि ते त्यांचे एकमेव खाते असेल तर मूलभूत सेवेच्या डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क पडत नाही. खाते उघडताना हा प्रकार स्पष्टपणे मागावा.

माझा एकूण खर्च स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट मिळून ५ हजारांच्या आत राहिला.

टेंबलाई

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. गावाहून फेरफाराची नक्कल मागवली. त्यात आजींचे नाव सर्वांत वर आहे. ते मी दोन वर्षांपूर्वी वाचलेही होते आणि तरी वारस मोजताना माझ्या मनात ते आले नाही, याचे फार वाईट वाटले.

दोन्ही रजिस्ट्रारांची उत्तरे आली. पहिल्या कंपनीने दर्शनी किंमत १० वरून २ रुपये केली होती, त्यामुळे फोलिओत ५०० शेअर आहेत, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार रुपये. लाभांश वडिलांच्या बँक खात्यात परस्पर जमा होत असे. फोलिओत पॅन नोंदलेला नसल्यामुळे एप्रिल २०२४ नंतरचा लाभांश रोखून ठेवला आहे. दुसऱ्या कंपनीचे उत्तर मात्र समजले नाही. तिचे लाभांशाचे वॉरंट २०१३-१४ पासून वटलेले नाहीत, त्यामुळे ५० शेअर ‘आयईपीएफकडे वर्ग केले आहेत’ असे ते लिहितात. हे शेअर आता सरकारजमा झाले का? आईचे नाव सर्टिफिकेटवर असताना असे कसे होऊ शकते?

पंचगंगाकाठ

शेअर बुडालेले नाहीत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२४ प्रमाणे सलग ७ वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजेच आयईपीएफकडे जातात. संयुक्त धारक हयात आहे की नाही हे कंपनी पाहत नाही, लाभांश वटला की नाही एवढेच पाहते. आपल्या घराचा पत्ता मधल्या काळात बदलला असेल तर वॉरंट जुन्या पत्त्यावर जात राहिले असावेत. निधीकडे गेलेले शेअर आणि लाभांश दोन्ही परत मागता येतात; साचलेल्या लाभांशावर व्याज मात्र मिळत नाही.

पद्धत अशी आहे. आधी कंपनीकडे वडिलांचे नाव कमी करण्याचे कागद आणि आईंची केवायसी द्यायची. ते तपासून कंपनी एन्टायटलमेंट लेटर, म्हणजे हक्काचे पत्र देते. ते मिळाल्यावर आईंच्या नावाने आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला सरकारी शुल्क नाही. अर्जाची प्रत, पोचपावती, हमीपत्र, आगाऊ पावती आणि मूळ सर्टिफिकेट ‘नोडल अधिकारी’ असे लिहून कंपनीला पाठवायचे. कंपनी आपला पडताळणी अहवाल निधीच्या प्राधिकरणाला पाठवते आणि मंजुरीनंतर शेअर थेट आईंच्या डिमॅट खात्यात येतात. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून सर्व वर्षांचा लाभांश आणि सर्व शेअर त्याच अर्जात आले आहेत ना, हे सादर करण्यापूर्वी कंपनीच्या पत्राशी ताडून पाहा. याला महिने लागतात. पहिल्या कंपनीचे काम याच्यासाठी थांबवू नका, दोन्ही स्वतंत्र आहेत.

साखर कारखान्याच्या शेअरबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही. आपल्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक शेतकरी घरात असा एक कागद असतो आणि लोक तो कंपनीच्या शेअरमध्येच धरतात. त्याचा सेबीशी, डिमॅटशी किंवा वर लिहिलेल्या नमुन्यांशी काहीही संबंध नाही. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतो. सभासद वारल्यावर कलम ३० प्रमाणे त्याचा हिस्सा नामनिर्देशित व्यक्तीकडे, आणि नामनिर्देशन नसेल तर संचालक समितीला वारस वाटेल त्या व्यक्तीकडे वर्ग होतो. मात्र ती व्यक्ती रीतसर सभासद करून घ्यावी लागते. कारखान्याच्या शेअर विभागात वारस नोंदीचा छापील अर्ज मिळतो. येथे आपला तलाठ्यांकडील फेरफार आणि सातबारा उपयोगी पडेल, कारण ऊस कोणाच्या क्षेत्रात आहे हे त्यावरूनच दिसते. या शेअरची रक्कम थोडी असली तरी त्याच्याबरोबर सभासदत्व आणि मताचा अधिकार येतो, म्हणून तो कोणाच्या नावावर करायचा याचा विचार पैशांपेक्षा शेत कोण करणार आहे यावरून करावा.

कसबा_बावडा

मी येथील दिवाणी न्यायालयात वकिली करतो. वर दिलेली माहिती बरोबर आहे आणि आपल्या कामाला वकिलाची गरज नाही, हे मीही म्हणेन. परंतु दोन मुद्द्यांवर सावध करणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा आजींचा. त्यांची ना-हरकत घेणे हा कागद पुरा करण्याचा भाग समजू नये. वडिलांच्या निधनाच्या क्षणी त्यांच्या हिश्श्याचा हक्क आजींना मिळाला. त्या आज हयात आहेत, म्हणून एका अंगठ्यावर काम होईल. उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले तर तो पाचवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल, म्हणजे आपल्या सर्व काका-आत्यांकडे आणि त्यांच्यापैकी कोणी आधी गेले असेल तर त्यांच्या मुलांकडे. मग या ५०० शेअरसाठी पंधरा-वीस सह्या गोळा कराव्या लागतील आणि त्यातील एखादी मिळणार नाही. माझ्याकडे कोर्टात येणारी लहान रकमेची बहुतेक प्रकरणे याच कारणाने येतात. म्हणून हे काम आजींच्या हयातीत करा, आणि करताना काय लिहिले आहे ते त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा. काकांना समोर बसवा. नोटरीला विनंती केल्यास ते घरी येऊ शकतात. अंगठा घेतल्यावर ‘मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला’ असे लिहून त्याखाली घरच्या माणसाऐवजी शेजारच्या साक्षीदाराची सही घ्यावी. आजींना आपला हिस्सा हवा असेल, तर तो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे हेही त्यांना आधी सांगितले पाहिजे.

दुसरा मुद्दा नॉमिनीचा. आईंच्या नावावर शेअर झाल्यावर आपण एसएच-१३ मध्ये किंवा डिमॅट खात्यात एखाद्या भावंडाचे नाव लावाल. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले आहे की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी हा मालक ठरत नाही. शेअर त्याच्या हाती आले तरी खरा हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाकायद्याप्रमाणेच ठरतो. तिघा भावंडांत याविषयी आजच बोलणे झालेले बरे.

कोर्टात केव्हा यावे लागते, तर वारसांपैकी कोणी सही देत नसेल, कोणाचा ठावठिकाणा नसेल, कोणी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल, मृत्युपत्रावर वाद असेल किंवा मूल्य मर्यादेपलीकडे असेल तेव्हा. शेअर आणि येणे रकमांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली सक्सेशन सर्टिफिकेट मिळते. आपल्याकडे लोक ज्याला कोर्टाचा वारस दाखला म्हणतात तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. दोन्ही अर्ज वेगळे आहेत. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून काही पक्षकार या कामासाठी तिकडे चौकशी करतात. त्याची आवश्यकता नाही, हे अर्ज दिवाणी न्यायालयातच होतात.

इचलकरंजीकर

वकीलसाहेबांनी लिहिलेले वाचून एक गोष्ट जोडतो. पाकीट पाठवण्यापूर्वी प्रत्येक कागदाची, विशेषतः मूळ सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची, स्पष्ट प्रत काढून ठेवा आणि स्पीड पोस्टाची पावती त्याच फाइलला लावा. कागदी शेअरच्या संक्रमणासाठी रजिस्ट्रारला पूर्ण कागद मिळाल्यापासून २१ दिवसांची मुदत असते. मुदत उलटूनही उत्तर आले नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते. तेथे पोस्टाची पावती आणि पत्राची तारीख विचारली जाते. मी तक्रार नोंदवल्यानंतर अडलेले पाकीट हलले.

करासंबंधी आपण विचारले नाही, पण पुढे विक्री करायची झाली तर उपयोगी पडेल. वारसाने शेअर मिळाले म्हणून आईंना आयकर लागणार नाही. विकताना धारणेचा काळ वडिलांच्या खरेदीपासून मोजला जातो, आणि ३१ जानेवारी २०१८ पूर्वीची खरेदी असल्याने त्या दिवसाचा भाव विचारात घेता येतो.

टेंबलाई

आपणा सर्वांना पुढील हकीकत कळवणे माझे कर्तव्य आहे. वकीलसाहेबांचे उत्तर वाचले त्याच रविवारी भाऊ पुण्याहून आला आणि आम्ही आईला घेऊन गावी गेलो. नोटरी घरी आले होते. काका, काकू आणि शेजारचे निवृत्त शिक्षक समोर बसले. भावाने कागद सोप्या भाषेत समजावून सांगितला, तुमचा पाचवा हिस्सा आहे आणि हवा असेल तर तो तुम्हालाच मिळेल, असेही सांगितले. आजींनी सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “ह्येच्यात त्येचं नाव ऱ्हातंय न्हवं?” सर्टिफिकेट कंपनीला परत द्यावे लागते आणि नाव निघते, हे त्यांना सांगणे आम्हाला जड गेले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग “सुनंला मिळतंय, तर मिळू दे” म्हणाल्या आणि हात पुढे केला. शाई लावल्यावर अंगठ्याच्या रेषा उमटेनात, कारण जन्मभर शेतात राबून त्या झिजल्या आहेत. नोटरींनी पाण्याने हात पुसून दुसऱ्यांदा ठसा घेतला, तेव्हा तो नीट उमटला. पाकीट पाठवण्यापूर्वी सर्टिफिकेटची रंगीत झेरॉक्स काढून एक प्रत आजींना नेऊन दिली; ती त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवली आहे.

नावाच्या फरकासाठी त्याच ट्रंकेतील १९९५ चे वर्कशॉपचे वीजबिल कामाला आले. त्यावर आद्याक्षरे आणि सर्टिफिकेटवरचाच पत्ता होता. आईची सही बँकेत आधी नव्याने नोंदवली आणि आयएसआर-२ वरचा कर्मचारी क्रमांक मी काउंटरवरच दोनदा तपासला. बहिणीने आपले प्रतिज्ञापत्र बेळगावातच केले. रजिस्ट्रारने एक त्रुटी काढली: ना-हरकत पत्रावर भावाचा पत्ता आधार कार्डाप्रमाणे नव्हता. तो दुरुस्त करून पाठवल्यावर लेटर ऑफ कन्फर्मेशन आले आणि आईने ते आठवड्याच्या आत डिमॅटच्या अर्जासह जमा केले. काल खात्यात ५०० शेअर दिसू लागले. रोखलेला लाभांशही आईच्या खात्यात येईल असे रजिस्ट्रारने पत्राने कळवले आहे.

दुसऱ्या कंपनीकडून हक्काचे पत्र मिळाले आहे आणि आयईपीएफ-५ ची पोचपावती आली आहे. त्यापुढे अजून काही कळलेले नाही. साखर कारखान्याचा शेअर काकांच्या मुलाच्या नावावर करावा असे आम्ही ठरवले होते, कारण ऊस तोच पाहतो. परंतु तो थेट वारस नसल्यामुळे कारखान्याच्या शेअर विभागाने आधी आईच्या नावावर नोंद करून मग हस्तांतर करण्यास सांगितले आहे. तो अर्ज सोमवारी देणार आहोत.